अर्धा ताण

पानगळीचं औषध मारायचं होतं त्या दिवशी आई नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी उठली आणि चुलीपुढं बसून भाकरी थापू लागली. फवारणीची माणसं, आम्ही घरातले तिघं आणि शिवाय मंगळवेढ्याकडून कुणी बागायतदार माझ्या वडिलांना, तात्यांना, भेटायला येणार होते, त्यांच्यासाठी जास्तीच्या. पीठ मळताना ती मधेच थांबायची, डावा हात मांडीवर ठेवायची आणि मग एका उजव्या हातानंच मळत राहायची. जानेवारी होता. आमच्या माणदेशात त्या दिवसांत सकाळी अंगावर काही घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडवत नाही. आईच्या कपाळावर मात्र घाम होता. विचारलं तर म्हणाली, चुलीचा जाळ लागतोय. गाल का धरलाय म्हटलं तर म्हणाली, दाढ ठणकतीय.

तात्या सोप्यात येऊन बसले. तिथून चूल दिसायची.

"उजे, चहा सहा कप म्हणावं. दोन बिनसाखरेचे."

आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं ऐकलं होतंच. तरी मी मान वळवून म्हणाले, "आई, चहा सहा कप. दोन बिनसाखरेचे." तिनं आधण ठेवलं. ही रीत आमच्या घरात पडून आता महिन्याच्या वर झालं होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. माझ्या तोंडातून दोघांचं घर चालत होतं.

सुरुवात अशी झाली. मार्गशीर्षात जतचे पाहुणे मला बघायला आले. मुलाची ठिबकची एजन्सी होती, दोन मजली घर होतं, आणि तात्यांचं नाव ऐकून ते आपणहून आले होते. मी सांगोल्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढं कोल्हापूरला एम.एस्सी. करायचं हे आईचं आणि माझं ठरलेलं. तात्यांना ते ठाऊक होतं, पण बायकांच्या गप्पांना द्यावी तेवढीच किंमत ते त्याला देत. पोहे झाले, चहा झाला, मुलाचे चुलते सर्जेराव बैठकीच्या तारखेवर आले, आणि आई आतल्या दारातून म्हणाली, "मुलीला अजून शिकायचंय. एम.एस्सी. झाल्यावर बघू." आवाज चढलेला नव्हता. पाहुणे हसले, तात्याही हसले, आणि त्यांना पार रस्त्यापर्यंत सोडून आले.

परत आल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, "तू बिघडवलंस, तूच नीट करायचं. फोन तिथं हाय. लावायचा आणि सर्जेरावांना म्हणायचं, माझं चुकलं, या बैठकीला."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. बागेचं पाणी तोडलं त्याच आठवड्यातली ही गोष्ट.

तात्यांनी आईवर कधी हात उचलला नाही. हे ते स्वतःच लोकांना सांगत. आरडाओरडा नाही, दारू नाही, ताटाला लाथ नाही. माणूस आपल्या मनासारखा वागला नाही की ते त्याच्याशी बोलायचं बंद करत, आणि तो आपल्या पायांनी येईपर्यंत बंदच ठेवत. आजीशी केलं होतं. धाकट्या भावाशी, रामहरीकाकाशी, बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून केलं होतं. मी आठवीत असताना सहलीला जायचा हट्ट धरला तेव्हा माझ्याशीही. आठवीतल्या पोरीला बाप दिसतो, त्याची चप्पल वाजते, तो शेजारी बसून जेवतो, आणि आपण तिथं नसल्यासारखा भिंतीकडं बघतो, तेव्हा काय होतं हे मी इथं लिहीत नाही. मी स्वतःहून जाऊन म्हणाले, मला सहल नको. त्या संध्याकाळी त्यांनी मला पंढरपुरातून नवा ड्रेस आणून दिला. अबोला संपला की ते असेच उदार होत. नेमका कधी संपवायचा हे त्यांना बरोबर कळायचं. समोरचा वाकलाय पण अजून मोडला नाही, असा एक दिवस असतो, तो ते अचूक धरायचे.

बागेतही त्यांचं नाव त्यासाठीच होतं. लोक मोटारसायकलवर डाळिंबाची फांदी बांधून आणायचे आणि विचारायचे, तात्या, अजून किती. तात्या पान दोन बोटांत धरायचे, जरा चोळायचे आणि दिवस सांगायचे.

डाळिंबाला बहार धरायचा तर आधी झाडाला उपाशी ठेवावं लागतं, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. पाणी तोडायचं. जमीन भेगाळू द्यायची. झाडाला वाटलं पाहिजे की आता काही आपलं खरं नाही, म्हणजे ते फूल काढतं, फुलातून बी काढतं, मागं काही ठेवून जायची धडपड करतं. पानं पिवळी पडायला लागली की वरून औषध मारायचं, म्हणजे ती चार-आठ दिवसांत झडतात. मग छाटणी, मग खत, मग पहिलं पाणी. पाण्याच्या आधीच्या या सगळ्या उपासाला ताण म्हणतात.

फवारणीवाल्यांचा म्होरक्या गुलाब मुलाणी नावाचा एक बोलका माणूस होता. जेवायला बसल्यावर तो आईला म्हणाला, "वैनी, कालवणात मीठ जरा वर झालंय. मी म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं तुम्हाला, बोलायची बंदी हाय घरात." बाकीचे ताटात बघून हसले. आईही हसली आणि म्हणाली, दही घे वरून. तात्या घास चावत राहिले. गावाला सगळं माहीत होतं, आणि गावाला त्याची मजा वाटत होती. बायका पाणवठ्यावर मला विचारायच्या, अजून ताणावरच का गं तुझी आई?

मंगळवेढ्याचे लोक दुपारी आले. तात्या त्यांना घेऊन बागेत फिरत होते आणि मी चहाची किटली घेऊन मागं होते. त्या दिवशी ते जे बोलले ते मला जवळजवळ शब्दाशब्दानं आठवतं. एक तर ते फार छान सांगायचे. दुसरं म्हणजे पुढं तेच मी वर्गात शिकवत आले.

त्यांनी एक पिवळं पान हलकेच ओढलं. ते देठासकट हातात आलं.

"पान मरतं असं आपण म्हणतो, पण ते तसं मरत न्हाई. झाड त्याला सोडतं. आधी मुळं वर खबर देतात, खाली ओल संपली म्हणून. मग पानं आपली बारीक बारीक तोंडं मिटून घेतात, पाणी जाऊ नये म्हणून. तरी भागलं न्हाई की झाड ठरवतं, पानं सोडायची. पण सोडायच्या आधी पानातलं जे काय घेण्यासारखं असतं ते ओढून फांदीत घेतं. हिरवा रंगसुद्धा मोडून घेतं. म्हणून पान पिवळं पडतं. सगळं काढून झालं की देठापाशी एक पडदा धरतं, आणि मग वाऱ्यानं पडतं ते. बघा, जखम हाय का कुठं? न्हाई. शिवून दिल्यासारखी जागा हाय."

त्यांनी लोकांना कुंपणाजवळ नेलं. तिथं एक झाड मर रोगानं गेलेलं होतं. एकही पान गळलेलं नव्हतं. सगळी पानं फांद्यांवर वाळून करकरत होती.

"आता हे बघा. ह्याची पानं का पडली न्हाईत? कारण पान पाडायलासुद्धा झाड जितं लागतं. देठापाशी पडदा धरायला जीव लागतो. ह्याला तेवढाबी वेळ मिळाला न्हाई. पान गळतंय तवर काळजी न्हाई. पान वाळलं आणि फांदीला धरूनच राहिलं, तर समजायचं, आत काय उरलं न्हाई."

त्यांच्यातला एक तरुण बागायतदार म्हणाला, माझी बाग फार सुकलीय तात्या, भीती वाटते, चार दिवस आधीच पाणी सोडलं तर काय होईल. तात्या हसले. त्यांना हा प्रश्न आवडायचा.

"अर्धा ताण तोडलास तर फूल येणार न्हाई. नुसती पालवी फुटंल. झाडाला कळतं, ह्यो मालक घाबरतोय म्हणून. मग ते पुढल्या वर्षी तुझं ऐकत न्हाई."

संध्याकाळ व्हायच्या आत ती माणसं गेली. तात्या अंगणातल्या नळावर हातपाय धूत होते. मी गोठ्याच्या भिंतीशी भांडी घासत होते. आई घरातून टॉवेल घेऊन बाहेर आली. एवढ्या दिवसांत टॉवेल ती दारातल्या खुंटीला लावून ठेवायची. त्या दिवशी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. "कालपासनं छातीत भरून येतंय. डावा हात जड झालाय. सांगोल्याला डॉक्टरला दाखवून येऊ का? रामहरीभाऊजींची जीप मोकळी हाय."

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. महिनाभरात पहिल्यांदाच बघितलं असेल. सावकाश, चेहऱ्यावरून, हातावरून, परत चेहऱ्यावर, लोकांनी आणलेली फांदी बघायचे तसंच. मग टॉवेल घेतला, तोंड पुसलं, हात पुसले, तिच्या खांद्यावर टॉवेल परत ठेवला आणि माझ्याकडं चालत आले. आई तिथंच उभी होती.

ते माझ्याजवळ वाकून, जवळजवळ मायेनं म्हणाले, "बघितलंस? ताण आता बसायला लागलाय."

"तात्या, तिला खरंच बरं नाही. सकाळपासून घाम येतोय."

"येणारच. अजून दोन दिवस. आता मधेच पाणी दाखवलं तर एवढं सगळं फुकट जाईल. दोन दिवसांत ती आपल्या हातानं फोन लावती का न्हाई बघ."

मी राखेनं भरलेल्या हातांनीच रामहरीकाकाकडं गेले. त्याची जीप अंगणात उभी होती. मी सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तात्यानं सांगितलंय का?"

"नाही."

"मग, बाळ, मी कसा आणू जीप? लिंबाच्या झाडावरनं सहा महिने काढलेत मी. माझ्या पोरीच्या लग्नात आला न्हाई तो. तुमच्या दोघा-तिघांच्या मधे मी न्हाई पडत." काकू आतून म्हणाली, दाढेचं असेल, लवंग दे तिला. लवंग माझ्या हातात देऊन तिनं मला पाठवलं.

घरी येऊन मी आईला म्हणाले की फोन मी लावते. सर्जेरावांना सांगते, या बैठकीला. मला चालेल तो मुलगा. वाईट दिसत नाही.

आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "मग मी एवढे दिवस कशासाठी सोसलं?" ती म्हणाली. तिला माझा राग आलेला मी आयुष्यात फार थोड्या वेळा बघितला आहे, त्यातली ती एक. मग जरा थांबून म्हणाली, "उद्या सकाळच्या एसटीनं जाऊ आपण दोघी. त्यांना विचारायचं ते विचारून झालं. आज ही फवारणीची माणसं जेवून जाऊ देत."

तिनं सगळ्यांना वाढलं. ती काहीच खाली पडू देत नव्हती, हातातलं भांडं नाही, डोळ्यातलं पाणी नाही. तात्या जेवताना तिच्याकडं अधूनमधून बघत होते, आणि त्यांच्या नजरेत समाधान होतं असं मला वाटलं.

सकाळी निघालो. एसटीच्या थांब्याकडं जायला गाडीवाट होती, पण ती वळसा घालून जायची, आणि आईला तेवढं चालवत नव्हतं. म्हणून आम्ही बागेतून आडव्या निघालो. रात्रीत औषध लागलं होतं. पानं पडायला लागली होती. वारा नव्हता, तरी कुठं कुठं एकेक सुटत होतं. आईनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि हातात पिशवी होती. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, जरा बसते. एका झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसली. मला म्हणाली, तू पुढं हो, गाडी थांबव.

तात्या त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला होते. पानं बघत होते. मी एसटीकडं न जाता त्यांच्याकडं धावले.

"तात्या, आई बसली. तिला चालवत नाही. चला लवकर."

त्यांनी मान वर करून ओळीच्या त्या टोकाला बघितलं. झाडाखाली आई दिसत होती, मान जरा खाली.

"बसू दे," ते म्हणाले.

"तात्या, चला ना."

"उजे, वाट त्या अंगाला हाय. ही बागेत कशाला आली मग? मी हितं असतो ते तिला ठाऊक हाय." ते हसले. "आली ती आपल्या पायांनी. बसू दे जरा. एवढी ओळ होऊ दे माझी."

मी त्यांचा हात धरून ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. रागानं नाही. एक झाड बघितलं, मग पुढचं बघितलं, पान चोळलं, टाकलं. मी परत आईकडं धावले. तिला हाक मारली, तिचे खांदे धरले. तिच्या डोळ्यांत मी नव्हते. मी ओरडले असणार, कारण उरलेल्या ओळी मारायला आलेला गुलाब मुलाणी आणि त्याची माणसं पंप टाकून पळत आली. तात्या मात्र ओळ संपवूनच आले. घाई न करता. येता येता मला म्हणाले, कशाला गाव गोळा करतीस. मग आईसमोर उकिडवे बसले. तिच्या केसांत एक पान पडलं होतं, ते बोटांनी काढलं.

"पटलं न्हवं आता?" ते तिला म्हणाले. महिन्याभरानंतरचे पहिले शब्द. आवाज इतका मऊ होता की गुलाबनं तोंड फिरवलं. "एवढ्यासाठी एवढे दिवस घालवलेस. चल, ऊठ. फोन मीच लावून देतो. तू नुसतं बोल."

मग त्यांनी तिचा हात धरला.

नंतरच्या गोष्टी मी थोडक्यात सांगते. रामहरीकाकाची जीप लगेच आली. डॉक्टरांनी सांगोल्यात जे सांगितलं त्याला तिथवर जायची गरज नव्हती. तिला बागेच्या खालच्या अंगाला, ओढ्यावर अग्नी दिला. आणि तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर तात्यांनी छाटणी लावली, आणि छाटणी-खत उरकताच बागेचं पाणी सोडलं. कुणी नाव ठेवलं नाही. बाग थांबत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. त्या वर्षी आमच्या बागेला जी कळी लागली तशी ना आधी लागली ना नंतर. झाडं लालभडक झाली होती. लोक लांबून बघायला येत होते आणि तात्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, वैनी गेल्या, पण जाताना भरून देऊन गेल्या.

मी आता कोल्हापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. देठाजवळचा तो पडदा फळ्यावर काढते. पेशी आपलं मरण कसं शिस्तीत उरकतात, मरणाऱ्या पेशीला किती काम करावं लागतं, कुठले संदेश कुठून कुठं जातात, हे सगळं सांगते. झाड मुकं असतं हा समज चुकीचा आहे, हे पहिल्याच तासाला सांगते. मुलं वहीत उतरवून घेतात.

आई गेल्यावरच्या त्या दिवसांत भेटायला माणसं येत होती. तात्या सोप्यात घोंगडीवर बसत आणि आलेल्या प्रत्येकाला तेच सांगत. पहिल्या दिवशी ते अडखळत सांगत होते. मग सांगता सांगता वाक्य घोटून गुळगुळीत झालं.

"एक शब्द बोलली न्हाई हो. एकदा म्हणाली असती, मला बरं न्हाई, तर जीप दारात उभी होती."

ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्याला लावत. सोशीक होती, म्हणत. आपलं दुखणं कधी कुणाला कळू दिलं न्हाई तिनं. अशी बाई मिळायची न्हाई. दर दिवशी आईचा सोशिकपणा थोडा थोडा वाढत गेला. रामहरीकाका भिंतीला टेकून बसलेला असायचा, आणि तोही मान हलवायचा. काकू म्हणायची, दाढ दुखती म्हणाली होती फक्त, मीच लवंग दिली. मला वाटायचं तात्या खोटं बोलतायत. मग त्यांच्या डोळ्यांकडं बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवत होतं. नळापाशी जे झालं ते त्यांच्या लेखी बोलणं नव्हतंच. ते लक्षण होतं.

तेराव्याला जतचे पाहुणे आले. सर्जेराव, त्यांची मंडळी आणि मुलगा. जेवणं उरकली होती. सोपा माणसांनी भरला होता, आत बायका होत्या. मी पाण्याचे तांबे फिरवत होते. सर्जेराव जरा वेळ आईचं चांगलं बोलले. मग म्हणाले की आजच्या दिवशी बोलू नये, पण रीत काय ती सगळ्यांना माहीत आहे. घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत करायचं, न्हाईतर तीन वर्षं थांबावं लागतं. आमची काही घाई न्हाई. मात्र पोरीच्या आईचा जीव पोरीत अडकलेला असणार. तिचं भलं झालेलं बघितलं तर तो सुटंल.

आतून कुणीतरी बाई म्हणाली, खरं आहे, त्याच काळजीनं गेली.

रामहरीकाका म्हणाला, "वैशाखात धरू." तो माझ्याकडं न बघता म्हणाला.

तात्या खाली मान घालून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं. रडणं खरं होतं, मला त्याबद्दल शंका नाही. मुलाच्या आईनं त्यांना पाणी द्यायला मला खुणावलं. मी तांब्या घेऊन त्यांच्यासमोर गेले. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडं, आणि मग सगळ्यांकडं.

"ह्या पोरीच्या लग्नाचं बघायचं होतं तिला," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी मी थांबलो होतो. पण एक शब्द बोलली न्हाई हो. एकदा म्हणाली असती."

बायका हुंदके देऊ लागल्या. सर्जेरावांनी तात्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी तांब्या खाली ठेवला. तो नीट टेकला नाही, कलंडला, आणि पाणी घोंगडीवरून सर्जेरावांच्या धोतराकडं गेलं. सगळे त्या पाण्याकडं बघायला लागले.

"आई बोलली होती," मी म्हणाले.

"काय गं?" काका म्हणाला.

"बोलली होती. तुम्हालाही ठाऊक आहे, काका. मी आले होते तुमच्याकडं." मग मी तात्यांकडं वळले. ते माझ्याकडं बघत होते, पाणी तसंच पसरत होतं, आणि मला माझा आवाज आईच्या आवाजासारखा, न चढलेला, ऐकू येत होता. "नळापाशी उभी होती, टॉवेल घेऊन. कालपासनं छातीत भरून येतंय म्हणाली. डावा हात जड झालाय म्हणाली. सांगोल्याला डॉक्टरला दाखवून येऊ का म्हणाली. तुम्ही ऐकलंत, तात्या. तोंड पुसलंत, टॉवेल तिच्या खांद्यावर ठेवलात, आणि माझ्याकडं येऊन म्हणालात, अजून दोन दिवस."